रेतीवरची खडी गंमत

मी थिएटरचा माणूस. भूत कसं करतात ते मला चांगलं ठाऊक आहे. लाइटपुढे हिरवा कागद धरायचा, चेहऱ्याला पांढरी पावडर फासायची, आणि विंगेत उभं राहून एकाने पत्रा हलवायचा. असली भुतं मी स्वतःच्या हातांनी डझनावारी उभी केली आहेत. त्यामुळे या सदरात लोक पांढऱ्या साडीतली बाई, रस्त्यात दिसलेला कंदील वगैरे लिहितात तेव्हा मी ते वाचतो आणि बायकोला म्हणतो, "झोप झाली नसेल बिचाऱ्याची." देवाला जातो ते तिच्या आग्रहाखातर. अंगात येणं, भानामती, करणी... यातल्या कशावर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही.

तरी लिहायला बसलोय. त्या दुपारी हजर असलेली माणसं आता एकेक करून कमी होतायत, आणि ही गोष्ट माझ्याबरोबर गेलेली मला चालणार नाही.

साल छप्पनचं. नागपूर तेव्हा राजधानीचं शहर होतं, पण राजधानी जाणार जाणार असं पानठेल्यावरही बोललं जायचं. महाल नावाच्या जुन्या वस्तीत, एका गल्लीच्या आत आमचं थिएटर होतं. टिनाचं छत, साडेचारशे लाकडी खुर्च्या, पुढच्या तीन रांगांना गाद्या. मी तिथला मॅनेजर. मॅनेजर म्हणजे सगळंच... तारखा देणं, पोस्टर लावणं, तिकिटं छापून आणणं आणि खिडकीत बसून ती विकणं. पुठ्ठ्यावर खुर्च्यांचा प्लॅन काढलेला असायचा. खुर्ची विकली गेली की लाल पेन्सिलीने फुली.

माझे वडील हातमागावर बसत. आमचं घर थिएटरपासून हाकेच्या अंतरावर. जन्मभर त्यांनी आतली नाटकं मागावर बसून भिंतीपलीकडून ऐकली, गाणी पाठ केली, पण आत पाऊल टाकलं नाही. कोणी अडवलं नव्हतं. "आपली जागा नाही ते," एवढंच म्हणायचे. मला ही नोकरी लागायच्या दोन वर्षं आधी ते गेले.

म्हणून मॅनेजर झाल्यावर मी एक हट्ट धरला. रविवारची दुपार मोहल्ल्यासाठी. भजनी मंडळ, शाळेचं गॅदरिंग, विणकरांच्या पोरांनी बसवलेलं नाटुकलं, जे असेल ते. भाडं निम्मं, तिकीट चार आणे. थिएटर चालवणाऱ्या कमिटीला हे फारसं रुचलं नव्हतं, पण दुपारी थिएटर नाही तरी रिकामंच असायचं, म्हणून चालू दिलं.

आदल्या दिवाळीनंतर मौद्याकडच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरते त्या जत्रेत, मी लहानुजींची खडी गंमत पाहिली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खडी गंमत म्हणजे आमच्या विदर्भातली उभ्या उभ्या करायची लोककला. पडदा नाही, सीनसीनरी नाही. ढोलकी, डफ, तुणतुणं, शाहीर, आणि बाईचं काम करणारा पुरुष. लहानुजी त्या मंडळीचे शाहीर. साठीचे, शेतकरी, काटक, आवाज असा की नदीच्या पल्याड ऐकू जावा. बाईचं काम करायचा कवडू, ढोलकीवर उरकुडा. हे मला थिएटरात आणायचंच होतं.

कमिटीचे सेक्रेटरी वकीलसाहेब. नाव लिहीत नाही. सज्जन गृहस्थ, शिस्तीचे, पण मातीतल्या कलेबद्दल त्यांचं मत मातीसारखंच.

"धकाते," ते म्हणाले, "हे प्रकार जत्रेत ठीक आहेत. स्टेजवर कशाला?"

"एकदा पाहा आणि मग बोला, साहेब."

"पाहतो. पण ऐका, तीनला म्हणजे तीनला सुरू झालं पाहिजे. उशीर झाला, गोंधळ झाला, किंवा अचकटविचकट काही निघालं, तर तुमची रविवारची दुपार बंद. फक्त यांची नाही, सगळ्यांची. मान्य?"

मी "मान्य" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मग तिकिटांची पुस्तकं घेऊन मी महालातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. सायकलवाला, पानवाला, मागांच्या ओसऱ्या. माझी बायको सुमन उमरेडच्या विणकरांच्या घरची. ती बायकांत फिरली. "थेटरात बसाले लुगडं चांगलं पायजे का वं?" असं तिला एकीने विचारलं. "आंगावर हाये थेच चालते," असं सांगून तिने त्या एका ओसरीवर नऊ तिकिटं विकली. शनिवारी संध्याकाळी प्लॅनवर फुली मारायला जागा उरली नाही. हाऊसफुल.

मंडळींना शहराची सवय नव्हती, तेव्हा मी स्वतः आणायला जायचं ठरवलं. ओळखीतून संत्र्यांचा एक ट्रक मिळाला. ड्रायव्हर रहीमभाई. रविवारी पहाटेच निघालो. निघण्याआधी स्टेजच्या मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं. त्याची किल्ली एकच आणि ती माझ्या खिशात. पुढच्या दाराची किल्ली डोअरकीपर डोमाजींकडे. ते दोन वाजता उघडणार होते.

लहानुजींचं गाव मौद्याहून दोनेक कोस आत, कन्हान नदीच्या पल्याड. तिथे पूल नव्हता. पात्रात एक बुटका रपटा होता, पाण्यापासून हातभर उंच. फाल्गुनाचे दिवस, नदीत पाणी थोडं, रेतीच जास्त. आठ वाजता आम्ही रपट्यावरून आरामात पलीकडे गेलो.

आदल्या रात्री वरच्या भागात गारपीट झाली होती. ते आम्हाला माहीत नव्हतं.

मंडळींना आणि त्यांच्या ट्रंकांना घेऊन अकराला परत नदीवर आलो, तर रपटा दिसेना. गढूळ पाणी, त्यात फांद्या वाहत होत्या. रहीमभाईने इंजिन बंद केलं. मी खाली उतरलो, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात शिरलो. दहा पावलांत पाणी मांडीला लागलं. कवडू मला धरायला धावला, तर त्याच्या हातातली गाठोडी सुटली. एक मिळालं, एक वाहून गेलं. त्यात त्याची खोट्या केसांची वेणी होती.

"पानी उतरल," लहानुजी म्हणाले. "थांबा जरा."

थांबलो. बारा वाजले, एक वाजला, पाणी तसंच. आमच्या बाजूला टेलिफोन नाही. समोरच्या काठावर माणूस दिसेल तर निरोप धाडावा, तर तिथे चिटपाखरू नाही. मी परत दोनदा पाण्यात उतरलो. दुसऱ्यांदा उरकुडाने मला कंबरेला धरून अक्षरशः ओढून काढलं.

"मराचं हाये का साहेब? थेटर कोन पाहीन मंग?"

रेतीवर बसून मी घड्याळाकडे पाहत होतो. दोन वाजले. डोमाजींनी दार उघडलं असेल. अडीच झाले. लोक बसले असतील, ज्या बायकांना सुमनने समजावून आणलं त्या गादीच्या खुर्चीवर अंग चोरून बसल्या असतील... आणि वकीलसाहेब तिसऱ्या रांगेत, हातात घड्याळ. एका गारपिटीने सगळ्या मोहल्ल्याची दुपार घालवली, हे डोक्यातून जाईना.

तीनला पाच मिनिटं असताना लहानुजी उठले. फेटा नीट केला.

"चला रे. उभं राहा."

मी विचारलं, "कुठे?"

"इथंच. येळ झाली ना?"

"अहो लहानुजी, इथे कोण आहे पाहायला?"

"तिकिटं इकली ना तुमी? लोकं येऊन बसले असन ना तिकडं?"

"बसले असतील."

"मंग. थे त्यायच्या वक्ताले आले, आपन आपल्या वक्ताले उभं राहाव. आपल्याकडून चूक नाई पायजे." मग रहीमभाईला म्हणाले, "थेटरात तीन घंट्या देते म्हनते ना, भोंगा वाजवा तीन खेपा."

रहीमभाईने माझ्याकडे पाहिलं. त्याने ट्रकचा हॉर्न तीनदा वाजवला.

आणि त्या माणसांनी रेतीवर उभं राहून पूर्ण गंमत केली. गण, गवळण, मग 'लेकीची पाठवणी' नावाचा त्यांचा वग. थट्टा म्हणून नाही, वेळ घालवायला म्हणून नाही... समोर साडेचारशे माणसं असावीत तशी. कवडूला वेणी नव्हती, म्हणून त्याने रहीमभाईचा काळा मफलर डोक्याला बांधून पाठीवर सोडला. मी डाव्या हाताला, तसाच अनवाणी, पँट दुमडलेली, उभा होतो. बसायचं मनात आलं नाही.

मध्यावर म्हशींचा कळप पाणी प्यायला उतरला, तो थेट आमच्यामधून. ढोलकी थांबली. सगळे जागच्या जागी उभे राहिले आणि डावीकडून येणाऱ्या म्हशींकडे पाहत राहिले. पाच मिनिटं तरी गेली असतील. शेवटची म्हैस पुढे गेल्यावर लहानुजींनी सोडलेला शब्द तिथूनच उचलला.

वग संपला. सगळ्यांनी हात जोडले. बाकीचे बाजूला झाले, पण लहानुजी हात जोडून उभेच. समोर रेती, तिच्यापलीकडे पाणी.

"लहानुजी, झालं ना?" मी म्हणालो.

"टाळ्या होऊ द्या साहेब. त्या सरेपर्यंत हटाचं नाई, असं मह्या गुरूनं सांगतलं होतं."

बऱ्याच वेळाने ते बाजूला झाले.

पाच वाजता रपट्याची कड दिसू लागली. आता उपयोग नव्हता. मंडळी गावाकडे परतली. मी आणि रहीमभाई ट्रकने नागपूरला निघालो. वाटेत मी मनाशी पक्कं केलं. लोकांसमोर उभं राहायचं, हात जोडायचे, तिकिटं परत घ्यायची, आणि वकीलसाहेबांच्या घरी जाऊन सांगायचं की चूक माझी, शिक्षा मोहल्ल्याला नको. नोकरी गेली तर गेली.

सात वाजता महालात उतरलो. थिएटरचं दार बंद, खुर्च्या फोडल्याचा मागमूस नाही. कोपऱ्यावरचा सायकलवाला मला पाहून हसला. "मस्त झाली गंमत, साहेब."

टोमणा मारतोय, असं वाटून मी मान खाली घालून पुढे गेलो. पुढे पानठेल्यावर दोघं कवडूच्या मुरकण्याची नक्कल करत होते. म्हटलं, यांनी त्याला मंडईत पाहिलं असेल.

घरी सुमन भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बूट कुठं टाकले होते जी तुमी?"

"म्हणजे?"

"साऱ्या लोकायसमोर अनवानी उभे होते. पँट अशी वर. मॅनेजर म्हनते लोकं तुमाले. बाजूच्या बाया मले इचारून राहिल्या, हे तुहेच मालक होय का वं म्हनून."

मी खाली बसलो. "सुमन, मी कुठे उभा होतो?"

"इंगेत. डाव्या आंगाले." आता तिने वर पाहिलं. "काय झालं? चेहरा काहून असा झाला?"

"आज काय काय झालं ते सगळं सांग" एवढंच म्हणालो. तिने सांगितलं. तीनच्या ठोक्याला बाहेर भोंगा वाजला, तीनदा. मंडळी उभी झाली. गण, गवळण, पाठवणी. "त्या पोरीनं येनी काहून नाई घातली? मफलर लोंबून राहिला होता मांगं. आमी लय हासलो." मध्येच सगळे गप्प उभे राहिले, एका बाजूला बघत, किती तरी वेळ. शेवटी टाळ्या. म्हातारा शाहीर टाळ्या थांबेपर्यंत हात जोडून उभा.

तव्यावरची भाकरी करपली. मी तसाच उठून डोमाजींकडे गेलो.

डोमाजी माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, सरळ माणूस, खोटं बोलणं त्यांना झेपतच नसे. त्यांचं म्हणणं असं. हॉर्न ऐकून त्यांना वाटलं ट्रक आला, मंडळी मागच्या दाराने आत गेली. आत डोकावले तर सगळे स्टेजवर उभेच होते. येताना त्यांनी कोणाला पाहिलं नाही. खेळ संपल्यावर चहा विचारायला मागे गेले, तर कोणी नव्हतं. "मले वाटलं, येवढ्या घाईत काहून गेले गा? मागचं दार पायलं, थे तं बंद."

"आतून?"

"बाहेरून जी. तुमचंच कुलूप."

खिशात हात घातला. किल्ली माझ्याकडेच होती.

सोमवारी उजाडल्यावर मी थिएटर उघडलं आणि गुडघ्यांवर बसून सगळं स्टेज तपासलं. विंगा, कोपरे, फळ्यांच्या फटी. आदल्या दिवशी आम्ही सगळे घोट्यापर्यंत रेतीत होतो. ती माणसं इथे आली असतील तर कुठे तरी कण सापडायला हवा. एक कणही सापडला नाही. तिकिटांच्या पेटीत मात्र फाडलेले अर्धे तुकडे काठोकाठ होते.

मला सुटायचा मार्ग मोकळा होता, हे कबूल करतो. काही बोललो नसतो तर झालं असतं. पण न केलेल्या खेळाची शाबासकी घेणं मला जमेना. रहीमभाईला सोबत घेतलं आणि वकीलसाहेबांकडे गेलो.

मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "धकाते, मी चुकलो होतो. कबूल करतो. आणि तो मधला पॉज... वग ऐन रंगात, आणि सगळे निश्चल, एका दिशेला नजर लावून. पाच मिनिटं. मी मुंबई-पुण्याची नाटकं पाहिली आहेत, असं धाडस कुणी केलेलं पाहिलं नाही. त्यातून त्यांना काय सुचवायचं होतं?"

"म्हशी होत्या साहेब," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही थकला आहात. मी स्वतः तिसऱ्या रांगेत होतो. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू की तुमच्यावर?"

तेव्हा रहीमभाई पुढे झाला. वकीलसाहेबांनी त्याची अर्धा तास उलटतपासणी घेतली, कोर्टात घेतात तशी. हॉर्न किती वेळा वाजवला, मफलर कोणत्या रंगाचा, म्हशी किती, शाहीर कुठल्या हाताला. मला बाहेर पाठवून त्याला विचारलं, त्याला बाहेर पाठवून मला. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रविवारची दुपार चालू ठेवा," ते म्हणाले. "आणि हे कमिटीच्या मिनिट्समध्ये लिहू नका."

पुढचे तीन आठवडे मी माझ्या परीने पिच्छा पुरवला. दुसरी कुठली तरी मंडळी येऊन खेळ करून गेली, असं कोणी तरी सिद्ध करून द्यावं, अशी माझी इच्छा होती. मोहल्ल्यातल्या चाळीसेक माणसांना वेगवेगळं गाठलं, उत्तरं वहीत लिहिली. एकाला दुसऱ्याचं सांगायचं नाही, हा नियम पाळला. मफलर सगळ्यांनी सांगितला. सगळे गप्प उभे राहिले, हेही सगळ्यांनी. म्हशी कोणालाच दिसल्या नव्हत्या, पाणी नाही, रेती नाही. सातआठ जणांनी मला विंगेत पाहिलं होतं. त्या दिवशी नागपुरात कुठल्याही मंडळीचा ट्रक आला नव्हता, हेही विचारून पाहिलं. मौद्याकडच्या वाटेवर त्या पुराची खूण तर महिनाभर झाडांना लागलेली होती.

एक डॉक्टर स्नेही म्हणाले, याला मास सजेशन म्हणतात, लोकांना जे हवं असतं ते दिसतं. मी विचारलं, साडेचारशे लोकांना एकाच वेळी मफलर हवा होता का? ते हसले आणि विषय बदलला.

राहिले लहानुजी. त्यांना सांगायला मी चैत्रात बसने मौद्याला गेलो आणि तिथून चालत गावी. ते बैलाला पाणी पाजत होते. मी सगळं सविस्तर सांगितलं, वहीसुद्धा वाचून दाखवली. कवडू आणि उरकुडा तोंडाला हात लावून ऐकत राहिले. लहानुजींनी बैलाला दावणीला बांधलं, हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"लोकं हासले कुठं?"

मला कळलं नाही. "म्हणजे?"

"आमाले तिकडून काई ऐकू आलं नाई. रेतीच ते. कोन्त्या बोलावर हासले, कुठं चूप झाले, थे सांगा."

"टाळ्या खूप वाजल्या..."

"टाळ्यायचं राहू द्या. टाळ्या तं लोकं भलेपनानंई वाजवते. हासले कुठं?"

चाळीस माणसांना मी नाना प्रश्न विचारले होते. हा विचारला नव्हता. तसं सांगितलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. विद्यार्थ्याने अभ्यास अर्धाच करून आणला की मास्तर हलवतात तशी.

नागपूरला परत आलो आणि पुन्हा वही घेऊन फिरलो. लोक एव्हाना कंटाळले होते, पण सांगितलं. मफलरवर हसले. व्याह्यांच्या भांडणात हसले. आणि आणखी एका ठिकाणी. वगाच्या शेवटी लेक सासरी निघते, तेव्हा बाप गाडीच्या बैलाला म्हणतो, "तू काहून रडून राहिला बे? तुले तं वापस याचं हाये." तिथे थिएटरभर खसखस पिकली होती. रेतीवर तो बोल ऐकताना मला हसू आलं नव्हतं, पण थिएटरात लोक हसले.

हे सगळं मी पोस्टकार्डावर लिहून धाडलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, गावातल्या गुरुजींच्या अक्षरात. रामराम, क्षेमकुशल, आणि खाली एकच ओळ होती. लहानुजी सांगतात की बैलाच्या बोलावर हसायचं नसते, शहरच्या लोकांना त्यातला 'बे' नडला असावा, तो काढून टाकला आहे, तारीख कळवा.

मी तारीख कळवली. वैशाखातल्या एका रविवारी मंडळी खरोखरची आली, मागच्या दारातून, मी स्वतः कुलूप उघडल्यावर. थिएटर पुन्हा भरलं. निम्मे लोक दुसऱ्यांदा आलेले, आणि त्यांना ते दुसऱ्यांदाच वाटत होतं.

वही अजून आहे, कोणाला तपासायची असेल तर जरूर यावं. मी पुष्कळ वाचलं, शहाण्या माणसांना विचारलं. वकीलसाहेब जाईपर्यंत दर वर्षी एकदा तरी मला विचारायचे, "धकाते, काही समजलं?" मी नाही म्हणायचो. आजही नाहीच म्हणतो.

त्या वैशाखातल्या रविवारी पाठवणी आली तेव्हा मी स्टेजकडे पाहत नव्हतो, लोकांकडे पाहत होतो. लहानुजी नसलेल्या बैलाजवळ गेले, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "तू काहून रडून राहिला? तुले तं वापस याचं हाये."

कोणी हसलं नाही. गादीच्या खुर्चीत बसलेल्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला.